ज्या कामावर नावाची पाटी लागत नाही

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी कोल्हापुरात उतरवलं. मंगळवार पेठेत आत्याकडे चहा-आंघोळ उरकून मी टाऊन हॉलच्या वाटेला लागले. या खेपेला येण्याचं कारण लग्न-मुंज नव्हतं. आतेभावाच्या तालमीतली काही पोरं करवीर तालुक्यातल्या एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आणि त्याच्याभोवती पडलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, सावरायचं काम करतायत, तेही वर्गणीवर आणि श्रमदानावर. रविवारी माणसं हवी होती. दादाचा फोन आला आणि मी थोडी आधीच निघाले. शहरातल्या जुन्या वास्तू कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या हातांवर उभ्या आहेत, या नजरेनं मला त्या पुन्हा बघायच्या होत्या.

टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला. आराखडा चार्ल्स मँट यांचा; नवा राजवाडाही त्यांनीच आखला. काळा दगड, टोकदार कमानी, तीव्र उताराचं छप्पर आणि निमुळते मनोरे. आत आता संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू इथे ठेवल्या आहेत. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती त्या टेकडीतच सापडली. पंचगंगेकाठचं हे गाव किती प्राचीन काळी समुद्रापारच्या व्यापाराशी जोडलेलं होतं, हे त्या मूर्तीसमोर उभं राहिलं की कळतं.

मी हल्ली जुन्या इमारतीसमोर उभी राहिले की नक्षीआधी पाण्याची वाट शोधते. छपरावर पडलेलं पाणी कुठून उतरतं, पन्हळ कुठे तुटलीय, भिंतीवर शेवाळाचा पट्टा कुठे आहे, कोणत्या सांध्यातून पिंपळ डोकावतोय. ज्या इमारतीचं पाणी नीट वाहतं ती शंभर वर्षं निवांत उभी राहते. बाकीच्यांचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

दसरा चौकात बराच वेळ रेंगाळले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहत गेली. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्नं लावून दिली आणि त्या त्या समाजालाही हात सैल करायला लावला. कोल्हापूरच्या वास्तुवारशातला हा भाग पर्यटकांच्या यादीत नसतो. मला मात्र तो राजवाड्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण खेड्यातून आलेलं पोर जिथे राहून शिकलं त्या या खोल्या आहेत. दानातून उभ्या राहिलेल्या अशा इमारतींना दरवर्षी मे महिन्यात शाकारणी लागते, फुटकी कौलं बदलावी लागतात, वासे तपासावे लागतात. नवी इमारत बांधायला देणगीदार मिळतो. शाकारणीला पैसे मागितले की लोक विचारतात, मग आमचं नाव कुठे लागणार?

पुढे खासबाग. १९१२ मध्ये सुरू झालेलं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं मी टीव्हीवर पाहिली होती. आज आत्याच्या शेजारच्या काकांनी तीच रात्र सांगितली. “पोरी, आमच्या लग्नाआधी मी आणि तुझी काकू तिथं नाटकाला जायचो. आग बघितली आणि पायातलं बळच गेलं बघ.” मदत जाहीर करणाऱ्यांची त्या दिवसांत रीघ लागली, आणि तिच्याइतकीच ठाम होती लोकांची मागणी: नाट्यगृह होतं तसंच उभं राहिलं पाहिजे. मला या मागणीचं फार कौतुक वाटतं. चकचकीत, मोठं, वातानुकूलित काहीतरी द्या, असं लोक म्हणू शकले असते. त्यांनी जुनंच मागितलं. स्वतः केशवरावांनी १९२१ साली बालगंधर्वांसोबत संयुक्त प्रयोग केला होता तो टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि त्याच वर्षी ते गेले. ज्या कलावंतानं आपलं गाणं असं फंडासाठी उभं केलं, त्याच्या नावाच्या वास्तूसाठी गाव पदर पसरतं यात नवल नाही.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर. नदी शांत होती. इथे पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. घाटावरची देवळं, दीपमाळा, समाध्या त्या काळात पाण्याखाली होत्या. दगडाला पाण्याचं फारसं वाटत नाही, पाणी ओसरल्यावर राहतो त्या गाळाचं वाटतं. तो गाळ सांध्यांत बसतो, वाळतो, त्यात बी रुजतं. दादा आणि तालमीची पोरं दोन्ही पुरांनंतर फावडी घेऊन इथे उतरली होती. मंडळाची वर्गणी गोळा करायची, माणसं जमवायची, ट्रॅक्टर मिळवायचा, जेवणं करायची हे सगळं या शहराला गणेशोत्सवामुळे आणि तालमींमुळे पाठ आहे. वारसा जतन करायला जे संघटन लागतं ते कोल्हापुरात आधीपासून आहे, फक्त त्याला दिशा द्यावी लागते.

शनिवार

सकाळी पन्हाळा. बाराव्या शतकाच्या अखेरीला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात हा गड उभा राहिला, पुढे आदिलशाहीत वाढला आणि मग स्वराज्यात आला. १६६० मधला सिद्दी जौहरचा वेढा आणि १३ जुलैला पावनखिंडीत लढलेले बाजीप्रभू हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात पन्हाळा आहे.

अंबरखान्यात गेले. गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारं. बाहेरून जिने चढून वर जायचं, माथ्यावरच्या चौकोनी तोंडांतून धान्य ओतायचं, खाली दारातून काढायचं. इतक्या पावसाच्या गडावर आत ओल येऊ न देता धान्य साठवणं म्हणजे पाण्याचा निचरा, भिंतीची जाडी आणि चुन्याचा गिलावा यांचा बारकाईनं केलेला विचार. आपण याला वैभव म्हणतो आणि फोटो काढतो. बांधणाऱ्यांनी आधी पावसाचा हिशेब केला होता. तीन दरवाजाला आणि अंधारबावीला मी धावती भेट दिली, गर्दी होती.

पन्हाळ्याचं वेगळेपण म्हणजे गडावर गाव नांदतं. नगरपरिषद आहे, शाळा आहे, घरं आहेत. वारसा यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा इथल्या रहिवाशांनी विरोध केला होता, हे विसरून चालणार नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, हा नियम ज्याचं घरच स्मारकाच्या कुशीत आहे त्याच्या उरावर बसतो. झुणका-भाकरीच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, “गड आमचाबी हाय की. आमाला हाकलून कोन जपनार हाय त्यो?” त्यांचं म्हणणं मला पटतं. २०२१ च्या पावसात गडाचा रस्ता खचला तेव्हा इथे अडकून पडली ती हीच माणसं. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला हजारो जण येतात, घोषणा देतात आणि जातात. वर्षभर तटावरचं झुडूप कोण बघतं, कुठला दगड सुटलाय हे कोण सांगतं, तर इथेच राहणारा माणूस. पैसा कुठूनही येवो, तो या माणसाला बाजूला सारून खर्च होणार असेल तर गड टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी धावतपळत अंबाबाईच्या देवळात, कारण किरणोत्सवाचा पहिला दिवस. नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात देवीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. आत्या म्हणाली होती, “मी बी येतो, थांब,” आणि हातात ओटीचं ताट घेऊन ती माझ्याआधी रांगेत उभी. किरणं चरणांपर्यंत आली तेव्हा सगळ्या मंडपात “उदं गं अंबे उदं” दुमदुमलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

हा उत्सव वास्तुजतनाबद्दल फार मोठी गोष्ट सांगतो. देऊळ दगडानं बांधलंय, पण बांधणाऱ्यांनी त्याची रेघ पश्चिमेच्या क्षितिजाशी जुळवली होती. त्या रेघेत कुणी एक मजला चढवला, एक जाहिरातफलक लावला, पाण्याची टाकी ठेवली, तर देवळाच्या एकाही दगडाला हात न लावता देवळाचं नुकसान होतं. किरणांच्या वाटेतले अडथळे मोजून दाखवणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी या शहरात आहेत, आणि ते काम मला सोन्याच्या पालखीइतकंच देवीच्या सेवेचं वाटतं. आवारातलं मणिकर्णिका कुंडही असंच. अनेक दशकं ते मातीखाली बुजवलेलं होतं, अलीकडे उत्खनन करून ते पुन्हा मोकळं केलं.

रविवार

सकाळी सातला दादाच्या गाडीतून गावाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वीरगळ अजून उघड्यावर आहेत आणि जुनी शिल्पं चोरीला जातात. ऊस तुटलेली रानं, गुऱ्हाळाचा वास, आणि गावाबाहेर तळ्याकाठी देऊळ. शिखर नाही, मंडपाचे चार खांब आणि गाभारा तेवढा शाबूत. हे देऊळ कुठल्याच खात्याच्या संरक्षित यादीत नाही. म्हणूनच इथे गावाच्या ट्रस्टची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, जाणकारांच्या देखरेखीखाली काम करता येतं. संरक्षित स्मारकाला खात्याच्या परवानगीशिवाय कुंचलासुद्धा लावता येत नाही, हे सरांनी कामाआधीच सगळ्यांना बजावलं. सर म्हणजे जवळच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारे एक शिक्षक. या सगळ्या खटाटोपाचा कणा.

पहिलं काम वीरगळांचं. एक मोठा वीरगळ तळ्याच्या काठावर आडवा पडला होता आणि बायका त्यावर धुणं धूत होत्या. सरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. खालच्या चौकटीत लढाई, गुरांच्या पाठीमागे धावणारे घोडेस्वार आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, माथ्यावर कलश, दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो. गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेला गावचाच कुणी पोरगा. तिथे धुणं धुणाऱ्या एका आजी सरकत पुढे आल्या. “एवडी वर्सं त्याच्या अंगावर धुणी आपटली आम्ही. कुनी सांगितलंच न्हाई.” मग त्यांनीच बाकीच्या बायकांना बोलावलं. पोरांनी आधीच एक सपाट मोठा दगड ट्रॉलीतून आणून ठेवला होता. धुण्याचा दगड आधी बसवला, मगच वीरगळ हलवला. बायकांची सोय काढून घेऊन इतिहास जपायचा नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला.

वीरगळ हलवणं सोपं नाही. खाली पहार घालून आधार दिला, कडांना बारदान गुंडाळलं, लोखंडी पाइपांच्या तिवईला चेनपुली लावून इंच-इंच उचलला, मग ओंडक्यांवरून सरकवला. तालमीच्या पोरांच्या अंगातली ताकद आणि सरांचा “थांबा, थांबा” असा धोशा. देवळाच्या उत्तरेला खड्डा घेऊन तळाला खडी पसरली होती, म्हणजे पाणी मुरेल. वरून दगडांचा जोता, त्यात वीरगळ उभा. सिमेंट कुठेच नाही. धुतला तो नुसत्या पाण्यानं आणि मऊ कुंचल्यानं. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको. एका सतीशिळेवर, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मृतिशिळेवर, कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासला होता; तो खरवडायला माझे हात शिवशिवत होते, पण सरांनी सांगितलं की तो जाणकार येऊन काढतील, खरवडला तर बांगड्यांची नक्षी जाईल.

दुपारनंतर मला चुन्यावर लावलं. गवंडीमामा सत्तरीचे असतील. कळीचा चुना हौदात विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवला होता. त्यात चाळलेली वाळू, सुरखी म्हणजे विटांचा चुरा, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी. गुळाचा रवा शेजारच्या गुऱ्हाळानं दिला, वाळू एका ट्रॅक्टरवाल्यानं, सुरखीसाठी विटा भट्टीवाल्यानं. पूर्वी हे सगळं बैल जुंपलेल्या घाण्यात मळायचे. आता गिरणीसारखं यंत्र आहे. मामा म्हणाले, “शिमिट घट्ट असतंय, पर त्येला दम नसतो. पाऊस आत शिरला की बाहेर निघायला वाट देत न्हाई. आतला जुना चुना भुसा हुतोय आनि एक दिवस दगुड खाली येतोय.” देवळाच्या मागच्या भिंतीत असंच झालंय. पूर्वी कुणी श्रद्धेनं सांधे सिमेंटनं भरले आणि ओल आतच कोंडली. पोरांनी ते सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढलंय आणि आम्ही त्या सांध्यांत चुना भरत होतो. भरून झाल्यावर ओलं बारदान टांगायचं आणि पुढचे कितीतरी दिवस त्यावर पाणी मारत राहायचं, कारण चुना सावकाश धरतो. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाणी मारायचं काम गावातल्या चार मुलींनी अंगावर घेतलंय. देवळाचं भवितव्य आत्ता खरं तर त्यांच्या कळशीत आहे.

छपरावर गवत आणि पिंपळाचं रोप होतं. रोप उपटायचं नाही. मुळं आत दगड धरून असतात, ओढलं की दगड निघतो. खोड कापायचं, बुंध्याला औषध लावायचं, ते मरू द्यायचं आणि मग सांधा भरायचा. हे दरवर्षी बघावं लागतं.

संध्याकाळी पारावर बैठक झाली आणि खरा प्रश्न तिथे निघाला. गावचे एक गृहस्थ मुंबईत धंद्यात आहेत, सढळ हाताचे. त्यांना गाभाऱ्यापासून अंगणापर्यंत ग्रॅनाइटची फरशी आणि वेशीवर वडिलांच्या नावाची कमान करायची आहे. वयस्कर मंडळी खूश होती. “फरशी घातली की द्येऊळ देखनं दिसंल. पावनं येत्यात, चिखलात बसवायचं का त्येस्नी?” एक तात्या म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. सरांनी शांतपणे समजावलं की फरशीनं जोत्याची कोरीव पट्टी बुजेल आणि जमिनीतली ओल भिंतीत चढेल. देवळाला आत्ता हवा आहे तो मागच्या बाजूचा चर, म्हणजे डोंगराचं पाणी पायाशी साठणार नाही. पण चराला कोण पैसे देणार? जमिनीखालचं काम, त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यावर पाटी लागत नाही.

त्या गृहस्थांना फोन लावला, बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: चर आधी, तोही त्या गृहस्थांच्या पैशातून. कमान देवळापासून लांब, हमरस्त्याला, नंतर बघू. फरशीचं अजून मिटलेलं नाही, तात्या नाराज होऊन उठले. दादाचं म्हणणं की ते चार दिवसांनी येतील आणि चराच्या कामावर सगळ्यात आधी तेच उभे राहतील. मला देणगीदारांना नावं ठेवायची नाहीत. वडिलांचं नाव राहावं असं कुणाला वाटत नाही? पण त्या भावनेला योग्य खड्डा दाखवणारं माणूस गावात असावं लागतं.

जमाखर्चाची वही तिथेच पारावर उघडी होती. कुणी पैसे दिले, कुणी विटा, कुणी दिवस दिला, सगळं नावानिशी. ट्रस्ट नोंदलेला आहे, हिशेब धर्मादाय कार्यालयात जातो. वर्गणीच्या कामात पावती आणि हिशेब एवढे चोख असले की दुसऱ्या वर्षी मागायला जाताना मान वर असते.

सोमवार

एसटीनं नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर. कृष्णाकाठचं कोपेश्वर, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. स्वर्गमंडपात बारा खांबांच्या वर्तुळावर छताला मोठं गोल मोकळं तोंड आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. पावसाळ्यात तिथून पाऊस आत येतो, आणि बांधणाऱ्यांना ते मान्यच होतं. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी. कितीतरी सोंडा तुटलेल्या आहेत. २०१९ च्या पुरात हा सगळा परिसर पाण्यात होता.

मी मुख्यतः आले होते ती दक्षिण दाराजवळच्या शिलालेखासाठी. यादव राजा सिंघण याचा १२१३ सालचा लेख; कोपेश्वरासाठी कूडलदामवाड हे गाव दान दिल्याची नोंद. आदल्या दिवशीची पारावरची बैठक डोक्यात होती म्हणून असेल, पण या लेखासमोर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. राजानं एकदाच थैली रिकामी करून नाव कोरून घेतलं नाही, तर एका अख्ख्या गावाचं उत्पन्न लावून दिलं. म्हणजे दरवर्षी, पीक आलं की देवळाला पैसा. पूजा, दिवाबत्ती, झाडलोट यांचा खर्च असा कायमचा बांधून द्यावा लागतो, ही समज आठशे वर्षांपूर्वी होती. शाहू महाराजांनी बोर्डिंगांना उत्पन्नं लावून दिली ती याच रीतीनं. आपण मात्र जीर्णोद्धाराचा मोठा फंड जमवतो, काम करतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या पिंपळाला विसरतो.

संरक्षित स्मारकासाठीही लोकांना पैसे देता येतात. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे आणि देणगीदार कुठल्या वास्तूसाठी पैसे देतोय ते सांगू शकतो. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्र वैभव योजना आहे, तिच्यात संस्था एखादं स्मारक संगोपनाला घेऊ शकते. पण यादीबाहेरची, माळावरची, तळ्याकाठची शेकडो देवळं आणि वीरगळ यांना वही आणि पार यांच्याशिवाय कुणी नाही.

कुरुंदवाडच्या स्टँडवर पेढे घेतले आणि तिथूनच दादाला फोन केला. देवळासाठी एक वेगळं खातं करा म्हटलं, फक्त देखभालीचं: दरवर्षी मे महिन्यात छपरावरचं गवत, चरातला गाळ, सांध्यांचा चुना. त्यात मी दर वर्षी ठरावीक रक्कम घालेन आणि ठाण्यातल्या आमच्या कोल्हापूरकर मंडळींनाही घालायला लावेन. दादा म्हणाला, “घाल की. पर पैशाबरोबर मे महिन्यात तूबी ये. गवत काढायला माणसं कमी पडत्यात.” मी हो म्हटलं. चराची आखणी बुधवारी आहे, आणि तात्यांनी सकाळीच सरांना विचारलंय, उतार किती ठेवायचा म्हणून.